लिंच सिंड्रोम असलेल्या कुटुंबांचा मेळावा कसा भरवावा

आमच्या पहिल्या मेळाव्याला आलेले एक गृहस्थ साडेअकरालाच उठून गेले. मोठ्या आतड्याचा बराचसा भाग काढलेल्या माणसाला दिवसातून सहा-सात वेळा शौचाला जावे लागू शकते, आणि आम्ही घेतलेल्या हॉलला एकच शौचालय होते, तेही जिना उतरून मागच्या अंगाला. वक्ते जुळवण्यात आम्ही दोन महिने घालवले होते. शौचालय मात्र एकानेही जाऊन पाहिले नव्हते. त्यानंतरच्या मेळाव्यांमध्ये जे चुकत-माकत शिकलो, ते असा मेळावा भरवू इच्छिणाऱ्यांसाठी येथे क्रमाने मांडतो.

आधी आजाराविषयी थोडे. पेशींची विभागणी होताना डीएनएच्या नकलेत चुका होतात आणि त्या दुरुस्त करणारी यंत्रणा शरीरात असते. या यंत्रणेशी संबंधित एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२ किंवा एपकॅम या जनुकांपैकी एकात जन्मजात बदल असला, तर त्या स्थितीला लिंच सिंड्रोम म्हणतात. पाश्चात्त्य देशांतील अंदाजानुसार सुमारे ३०० व्यक्तींमागे एकामध्ये असा बदल आढळतो. मोठे आतडे आणि गर्भाशय यांच्या कर्करोगाचा धोका त्यामुळे सर्वाधिक वाढतो. अंडाशय, जठर, लहान आतडे आणि मूत्रमार्ग यांचाही काही प्रमाणात वाढतो. आई किंवा वडील यांच्यापैकी एकात बदल असेल, तर प्रत्येक अपत्याकडे, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो येण्याची शक्यता निम्मी असते.

मेळाव्याची आखणी करताना एक गोष्ट डोळ्यांसमोर असावी. हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येक माणसामागे घरी राहिलेली सात-आठ भावंडे, भाचे आणि चुलते असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना आपल्याला धोका आहे याची कल्पनाही नसते. हॉलमधल्या माणसाला त्याचे डॉक्टर भेटलेलेच असतात. म्हणून प्रत्येक सत्र ठरवताना आम्ही एकच प्रश्न विचारतो: येथून घरी गेल्यावर हा माणूस आपल्या बहिणीला ही गोष्ट सांगू शकेल का?

बोलावणे

कुटुंबे शोधण्यासाठी वर्तमानपत्रात निवेदन देऊ नये. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय आणि त्याचेच खारघरचे संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक येथे कर्करोगाच्या आनुवंशिकतेसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे, आणि मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांत आनुवंशिक समुपदेशक असतात. आपले पत्रक त्यांच्या हाती द्यावे आणि ते कुटुंबांपर्यंत पोहोचवण्याची विनंती करावी. रुग्णांची नावे व दूरध्वनी क्रमांक मागू नयेत, कारण ते देणे त्यांच्या हातात नाही आणि मागणेही योग्य नाही. इच्छुक स्वतःहून संपर्क साधतात.

पत्रकावर मोठ्या अक्षरांत ‘कर्करोग’ हा शब्द छापू नये, पाकिटावर तर मुळीच नाही. पोस्टमन, शेजारी आणि एकाच वाड्यात राहणारी जाऊ यांच्या नजरेतून ते पाकीट जाते. आम्ही ‘कौटुंबिक आरोग्य मेळावा’ एवढेच लिहितो. नोंदणी करताना चार गोष्टी विचाराव्यात: घरातून किती जण येणार, पोटावर शौच जमा होणारी पिशवी लावलेली किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेली कोणी आहे का, जनुक-चाचणी झाली आहे का, आणि मराठीव्यतिरिक्त कोणत्या भाषेत बोलणे सोयीचे आहे. चाचणीचा निकाल विचारू नये.

शक्यतो एका घरातून दोघे तरी यावेत. एकटा आलेला माणूस घरी जाऊन जे सांगतो, त्यावर ‘तुला काहीतरी चुकीचे ऐकू आले असेल’ असे उत्तर मिळते. दोघांनी ऐकलेले सहसा टिकते.

दिवस, जागा आणि जेवण

रविवार बरा. लग्नसराई, दहावी-बारावीच्या परीक्षा आणि पितृपंधरवडा टाळावा. २२ मार्च हा लिंच सिंड्रोम जागृती दिन असला, तरी आपल्याकडे तेव्हा परीक्षांची धामधूम असते, म्हणून आम्ही तो दिवस सोडून देतो. एसटीने येणाऱ्यांना रात्री मुक्काम करावा लागू नये यासाठी साडेदहाला सुरुवात आणि साडेचारला शेवट ठेवावा.

हॉल तळमजल्यावर असावा. शौचालये हॉलला लागून, स्त्री-पुरुषांची वेगळी आणि किमान एक-एक कमोडचे असावे. नळाला पाणी आहे, आतून कडी लागते, अडकवायला खुंटी आहे आणि झाकणाची कचरापेटी आहे हे आदल्या दिवशी जाऊन स्वतः तपासावे. पिशवी बदलणाऱ्या माणसाला ती खुंटी आणि ती पेटी सभागृहातल्या झुंबरापेक्षा महत्त्वाची असते. दाराजवळच्या दोन रांगा ‘मध्येच उठावे लागणाऱ्यांसाठी’ राखून ठेवाव्यात आणि सुरुवातीलाच सर्वांना सांगावे की येथे उठून जाण्याबद्दल कोणी माफी मागायची नाही. रुग्णालयाचे सभागृह फुकट मिळत असले तरी घेऊ नये असे माझे मत आहे. ज्या इमारतीत वडील गेले, त्याच इमारतीत बसून मुलाने वंशावळ काढावी अशी अपेक्षा करणे बरे नाही.

जेवणात पहिल्या वर्षी मिसळ होती. मेळावा पुण्यात, म्हणून कोणाला वावगे वाटले नाही, पण आतड्याची शस्त्रक्रिया झालेली निम्मी मंडळी नुसता पाव खाऊन उठली. आता मुगाची मऊ खिचडी, दुधीची भाजी, ताक आणि केळे असते. उसळ, कोबी आणि कच्चा कांदा यांनी पिशवी फुगते, म्हणून ते वेगळ्या टेबलावर ठेवतो.

सकाळचे भाषण

डॉक्टरांना ३० मिनिटे द्यावीत, अधिक नाही, आणि काय सांगायचे ते आधी भेटून ठरवावे. सुरुवात आलेखांनी न करता एका शिंपिणीच्या गोष्टीने करावी. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील रोगनिदानतज्ज्ञ आल्ड्रेड वॉर्थिन यांना १८९५ साली त्यांच्याकडे कपडे शिवणाऱ्या बाईने सांगितले की आमच्या घरात बायका पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या रोगाने जातात, मीही तशीच जाणार. ती गर्भाशयाच्या कर्करोगाने तरुणपणीच गेली. वॉर्थिन यांनी तिच्या कुटुंबाची माहिती १९१३ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे अमेरिकेतल्याच ओमाहाच्या डॉ. हेन्री लिंच यांनी १९६६ मध्ये अशाच दोन कुटुंबांची नोंद प्रसिद्ध केली, एमएसएच२ हे जनुक १९९३ मध्ये सापडले आणि त्या शिंपिणीच्या वंशजांत त्याच जनुकातला बदल २००० साली ओळखला गेला. घरातल्या बाईला जे कळले होते, ते सिद्ध व्हायला १०५ वर्षे लागली. ही गोष्ट ऐकताना श्रोत्यांतील आज्या मान हलवतात, आणि त्यानंतर त्या बोलू लागतात.

मग डॉक्टरांनी तपासणीकडे वळावे. साधारणपणे एमएलएच१ किंवा एमएसएच२ मध्ये बदल असणाऱ्यांना २० ते २५ व्या वर्षापासून दर १ ते २ वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, सुचवली जाते. एमएसएच६ आणि पीएमएस२ साठी सुरुवात ३० ते ३५ च्या सुमारास होते, आणि घरात कोणाला याहून लहान वयात आजार झाला असेल तर ती अलीकडे आणली जाते. इतक्या वारंवार का, हे समजावणे गरजेचे आहे: इतरांमध्ये पॉलिपचा, म्हणजे आतड्याच्या आतल्या कोंबासारख्या वाढीचा, कर्करोग व्हायला दहाएक वर्षे लागतात, तर लिंचमध्ये तोच प्रवास दोन-तीन वर्षांत होऊ शकतो. फिनलंडमध्ये अशा कुटुंबांचा १५ वर्षे मागोवा घेतला गेला. नियमित तपासणी करणाऱ्या १३३ जणांपैकी ८ जणांना, तर न करणाऱ्या ११९ पैकी १९ जणांना आतड्याचा कर्करोग झाला, आणि तपासणी करणाऱ्यांच्या गटात त्याने एकही मृत्यू झाला नाही. श्रोत्यांना शेकडेवारीपेक्षा अशी मोजलेली माणसे सांगितलेली कळतात.

‘खालून दुर्बीण घालणे’ या शब्दांनीच अनेकांचा धीर सुटतो. त्यासाठी आम्ही एका टेबलावर पोट साफ करायच्या पावडरीचे पाकीट आणि दोन लिटर पाण्याचा जग ठेवतो. ज्यांनी ते पूर्वी प्यायले आहे असे कोणीतरी तेथे उभे राहते आणि ते थंड करून, स्ट्रॉने, लिंबाची फोड चोखत कसे संपवायचे हे सांगते. दिवसभरात सर्वांत जास्त गर्दी या टेबलाभोवती होते. शौचातून रक्त गेल्यावर ‘मूळव्याध असेल’ म्हणून वर्षभर चूर्ण घेत राहिलेली माणसे जवळजवळ प्रत्येक कुटुंबात असतात, आणि तो विषयही येथेच निघतो.

अ‍ॅस्पिरिनविषयी हमखास विचारणा होते. लिंच असलेल्या ८६१ जणांवरील कॅप-२ या औषध-चाचणीत काहींना सरासरी दोन वर्षे रोज ६०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिले होते. १० वर्षांनंतर अ‍ॅस्पिरिन घेतलेल्या ४२७ पैकी ४० जणांना, तर न घेतलेल्या ४३४ पैकी ५८ जणांना आतड्याचा कर्करोग झाल्याचे दिसले. हे सांगावे, आणि लगेच हेही सांगावे की त्याने जठरात रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून मात्रा आपल्या डॉक्टरांनीच ठरवायची.

वंशावळीचे सत्र

मेळाव्याचा खरा गाभा हा आहे, म्हणून त्याला दोन तास द्यावेत. प्रत्येक कुटुंबाला चार्ट पेपर, पेन्सिल आणि खोडरबर द्यावे, आणि चार-पाच कुटुंबांमागे एक मदतनीस ठेवावा.

आपल्याकडे एक सोय आहे आणि तीच अडचणही आहे. जात-पडताळणीसाठी किंवा सातबाऱ्यावर वारसनोंद करण्यासाठी अनेक घरांनी वंशावळ काढलेली असते, त्यामुळे ‘वंशावळ’ म्हटल्यावर लोक गोंधळत नाहीत. पण जात-पडताळणीची ती वंशावळ बापाकडून वर चढते. लग्न होऊन गेलेली आत्या, आईच्या माहेरची माणसे, लहानपणी गेलेली मावशी त्यात नसतात, आणि आजार नेमका तिकडून आलेला असू शकतो. म्हणून पहिला नियम असा की आईची आणि वडिलांची, दोन्ही बाजू कागदावर सारख्याच जागेने मांडायच्या. वडिलांकडून आलेला बदल मुलीला गर्भाशयाचा धोका देऊ शकतो, हे अनेकांना पटतच नाही. त्यांच्या मते बाईचा आजार बाईकडूनच येतो.

पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, गेलेल्यासाठी तिरकी रेघ आणि कर्करोग झालेल्यासाठी भरीव रंग, एवढ्या खुणा पुरतात. किमान तीन पिढ्या काढाव्यात. प्रत्येक भरीव खुणेजवळ तीन गोष्टी लिहाव्यात: कोणत्या अवयवाचा, कितव्या वर्षी, आणि उपचार कोठे झाले. वय नक्की आठवत नसले तर ‘थोरल्याच्या लग्नाच्या आदल्या वर्षी’ असे विचारले की चटकन आठवते. ‘पोटात गाठ होती’, ‘काविळीने गेले’, ‘अंगावर जायचे’ अशी उत्तरे खोडू नयेत. ती त्याच शब्दांत लिहावीत, कारण समुपदेशकाला त्यांतूनही धागा सापडतो.

तीन नातेवाइकांना लिंचशी संबंधित कर्करोग, त्यांतील एक इतर दोघांचा आई-बाप, भावंड किंवा अपत्य, किमान दोन पिढ्या, आणि एकाला तरी ५० च्या आत, या ठोकताळ्याला अ‍ॅम्स्टरडॅम निकष म्हणतात. तो जुना आहे आणि त्यात न बसणाऱ्या कुटुंबांतही बदल सापडतो, पण कागद पाहताना नजर कोठे थांबवावी हे तो शिकवतो. चाचणी शक्यतो कर्करोग झालेल्या व्यक्तीची आधी करावी. तिच्यात नेमका बदल सापडला, तर बाकीच्यांना फक्त तेवढाच शोधावा लागतो आणि खर्च खूप कमी होतो. ती व्यक्ती हयात नसेल, तर शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेल्या गाठीचे जपून ठेवलेले तुकडे (ब्लॉक) रुग्णालयात शिल्लक आहेत का हे विचारण्यासाठी अर्ज कसा करायचा, त्याचा नमुना हाताशी ठेवावा. काही अहवालांवर अर्थ निश्चित न झालेला बदल असे लिहून येते. त्यावरून गर्भाशय काढून टाकण्यासारखा निर्णय घ्यायचा नसतो, हे मदतनीसांना पाठ असले पाहिजे.

कागद घरी नेण्यासाठी असतो. आम्ही त्याची प्रत ठेवत नाही.

अवघड प्रश्न

दुपारी चिठ्ठ्यांची पेटी फिरवावी. नाव न लिहिता विचारायला मिळाले की प्रश्नांची जात बदलते: ‘मुलीच्या स्थळाला सांगायचे का?’, ‘माझ्यात बदल नाही आणि धाकटीत आहे, तिच्यासमोर बसवत नाही’, ‘मला कळूनच घ्यायचे नाही, चालेल का?’ शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘चालेल’ असेच आहे, फक्त तपासण्यांविषयी डॉक्टरांशी बोलून ठेवावे. स्थळाला काय सांगावे यावर मंचावरून निवाडा देऊ नये; आपल्याच घरात हा प्रसंग आलेल्या एखाद्या जोडप्याने, तयार असल्यास, आपला अनुभव सांगावा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगावी लागते. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न होते. दोघांकडे एकाच जनुकातला बदल असेल, तर प्रत्येक अपत्याला तो दोन्हीकडून मिळण्याची शक्यता चारात एक असते, आणि अशा मुलांना लहानपणीच मेंदूचे, रक्ताचे किंवा आतड्याचे कर्करोग होऊ शकतात. त्वचेवर दुधाच्या कॉफीच्या रंगाचे डाग ही त्याची एक खूण. हे सांगताना कोणाच्या रीतीला नावे ठेवू नयेत, लग्नाआधी समुपदेशकाला भेटा एवढेच म्हणावे. याखेरीज लहान मुलांची चाचणी १८ वर्षांपर्यंत सहसा केली जात नाही, कारण तोवर त्या निकालाने उपचारात फरक पडत नाही आणि निर्णय त्या मुलाचा असतो.

स्त्रियांसाठी वेगळी खोली आणि वेगळा तास हवा, वक्तीही स्त्री असावी. पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावर जाणे किंवा दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणे ही थांबून पाहायची गोष्ट नाही, आणि मुले झाल्यावर गर्भाशय व अंडाशय काढण्याचा पर्याय असतो, हे तेथे मोकळेपणाने बोलता येते. पहिल्या वर्षी हा विषय आम्ही सर्वांसमोर ठेवला तेव्हा एकही हात वर झाला नव्हता.

विमा आणि प्रायोजक

आरोग्यविम्याच्या नव्या पॉलिसीत आनुवंशिक आजार वगळण्याचे कलम घालू नये, असे विमा नियामक प्राधिकरणाने मार्च २०१८ मध्ये कंपन्यांना कळवले आहे. मात्र जनुकीय माहितीवरून भेदभाव रोखणारा वेगळा कायदा अमेरिकेत २००८ मध्ये झाला, तसा आपल्याकडे नाही. प्रस्तावाच्या अर्जावर कुटुंबातील आजारांचा प्रश्न असेल तर खरे उत्तर द्यावे. लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी उलटते. विमा-विक्रेत्याला वक्ता म्हणून बोलावू नये.

चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळा पैसे देऊ करतात. ते घेतल्यास जाहीर सांगावे आणि त्यांना मंच किंवा नोंदणीची यादी देऊ नये. कर्करोग बरा करतो म्हणणारे काढे विकायला कोणीतरी दारात उभे राहतेच. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने अशा जाहिरातीला मनाई आहे, एवढे सांगून त्याला शांतपणे बाहेर काढावे.

छायाचित्रे आणि फोन

छायाचित्रे काढू नयेत. एका वर्षी निरोपाच्या वेळी काढलेले एक छायाचित्र फिरत-फिरत भावी व्याह्यांच्या फोनवर पोहोचले, आणि पुढे काय झाले ते येथे लिहीत नाही. लिंचमध्ये एका माणसाचा चेहरा उघड झाला की त्याची भावंडे, मुले आणि पुतणे यांची गोष्टही उघड होते, त्यामुळे एकट्याची परवानगी पुरत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा गट करू नये, कारण त्यात सर्वांचे क्रमांक सर्वांना दिसतात. ब्रॉडकास्ट यादी करावी. पण ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच तिचा संदेश जातो, म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येकाकडून तो फोनमध्ये टाकून घ्यावा.

घरी न्यायचे पत्र

शेवटच्या अर्ध्या तासात प्रत्येकाने निदान एका नातेवाइकाला पत्र लिहावे. फोनवर ही गोष्ट सांगता येत नाही. दोन वाक्यांत रडू येते किंवा विषय बदलतो. आम्ही देतो तो नमुना असा:

‘ती. सौ. मावशीस सा. न. वि. वि. माझ्या आजाराचे कारण आपल्या घराण्यातला एक जनुकीय बदल आहे असे तपासणीत कळले. तो तुझ्यात, राजूत आणि माईत असेलच असे नाही, पण असू शकतो. वेळेवर तपासणी केली तर आजार होण्याआधीच टाळता येतो किंवा लवकर सापडतो. सोबत माझ्या अहवालाची प्रत आणि समुपदेशकांचा पत्ता आहे. यात कोणाचा दोष नाही. तुला जायचे असेल तेव्हा मी बरोबर येईन.’

‘मी बरोबर येईन’ हे वाक्य सुरुवातीला नमुन्यात नव्हते. एका आजोबांनी ते आपल्या पत्रात घातले, आणि त्यांच्या घरातून पाच जण तपासणीला गेले. तेव्हापासून ते छापीलच आहे.

तीन महिन्यांनी प्रत्येक घरी एकदा फोन करावा आणि दोनच गोष्टी विचाराव्यात: पत्र पोहोचले का, आणि वेळ घ्यायला काही अडचण आली का. अडचण बहुधा रजेची, प्रवासाची किंवा सोबतीची असते, आणि तीत मदत करता येते. निकाल काय आला हे विचारू नये. सांगायचे असेल तर ते आपणहून सांगतात, बहुतेक वेळा फोन ठेवता-ठेवता.